सेनापतीची मिशी

—नाही नाही, बोलू नका, गोंद ओला आहे. काय सांगायचं असेल ते मिशी वाळल्यावर सांगा, मी कुठे पळून चाललोय? आमच्या कंपनीत मिशी आधी, चेहरा नंतर. बाहेर उलटं करतात ते मला माहीत आहे, पण बाहेरच्यांची मिशी दुसऱ्या अंकात लोंबकळते आणि आमची शेवटच्या टाळीपर्यंत जागची हलत नाही, म्हणून आमचंच बरोबर. मान सरळ ठेवा. तुम्ही दारात उभे राहिलात ना, बॅग हातात, बारीक अंग, चेहऱ्यावर ते बुजल्यासारखं — लगेच ओळखलं मी. मालकांनी सांगितलंच होतं, बदली सेनापती दुपारच्या गाडीनं येतोय, बारीक आहे, गालात कापूस भरावा लागेल. तुम्ही 'मी' म्हणायला तोंड उघडलंत आणि मी कापूस सारला. वेळ कुठाय हो? संध्याकाळी प्रयोग. तिकिटं संपलीत. आणि कालचा सेनापती तिकडे पलंगावर आडवा पडलाय, गाल असे, आणि नुसते गालच नाहीत — पुरुषांना ते आणखीही कुठे कुठे सुजतं म्हणे. त्यानं साफ सांगितलं, मी घोड्यावर बसणार नाही. घोडा लाकडी आहे, तरी नाही म्हणाला.

गालगुंड. तुम्हाला लहानपणी होऊन गेलंय ना? मान हलवा नुसती. झालं? बरं झालं. ज्याला एकदा होऊन गेलं त्याला पुन्हा सहसा होत नाही म्हणतात. माझं विचाराल तर मला आठवत नाही, आणि आठवून देणारं कुणी उरलेलं नाही. तर तुम्ही तिसरे सेनापती. घाबरू नका, पहिले दोघे जिवंत आहेत, फक्त त्यांना जेवताना रडू येतं.

सुरुवात खलनायकानं केली. खलनायकच करणार, नाही का? बहिणीकडे गेला होता भाचरांना भेटायला, तिथून घेऊन आला. पहिल्या दिवशी कानाखाली जरा फुगवटा. मी म्हटलं, राहू दे, भूमिकेला शोभतंय. पुढे त्याला तोंडच उघडेना. आता आमच्या खलनायकाचं सगळं काम म्हणजे ते गडगडाटी हसणं, लोक त्याच्यासाठी येतात — तो नाकानं हसायला लागला. हूं हूं हूं. पुढच्या रांगेतलं एक पोर किंचाळून उठलं, आईच्या मांडीवर चढलं. मालक म्हणाले, हेच ठेवा. मग दोन-तीन आठवड्यांनी राजा सुजला, पण एकाच बाजूनं, डावीकडून. मग सिंहासन फिरवलं. सबंध नाटक राजा एका अंगानं प्रेक्षकांकडे बघतोय, राणीशी बोलायचं तर तिनं विंगेत जाऊन उभं राहायचं. पुढे त्याची दुसरी बाजूही सुजली तेव्हा मालकांचा जीव भांड्यात पडला, म्हणाले, चला, सारखा तरी झाला, सिंहासन सरळ करा.

डोळे मिटा. भुवया दाट करतोय.

आणि मग राणीबाई. आणि मग पहिले सेनापती. अहो, एवढे गाल झाकायचे कशानं? रंगानं सावली देता येते, पण रंगालाही मर्यादा आहेत. तेव्हा आमच्या मालकांनी डोकं चालवलं — नाटक मुळात वाळवंटातलं बरं का, वाळू, उंट, तहानेनं तडफडणारे सैनिक — त्यांनी ते उचलून बर्फात नेलं. सगळ्यांना मफलर. राजाला मफलर, राणीला मफलर, दासींना मफलर. वरून माळ्यावरून दोघं जण कागदाचे कपटे टाकतात. 'उन्हानं जीव जातोय' असेल तिथे 'थंडीनं जीव जातोय' म्हणायचं, एवढंच. तुम्हीही लक्षात ठेवा. एकाच ठिकाणी फसतं, शेवटच्या अंकात दूत उंटावरून येतो. उंटाचं सोंग एवढं खर्च करून केलेलं, ते काय फेकून द्यायचं? तर बर्फातून उंट येतो. उंटालाही मफलर घातलाय.

का हो, हसलात? हसू नका, कोपरे सुटतील.

तुमच्या हातांना साबणाचा काय वास येतोय. नटाच्या हातांना असा वास मी पहिल्यांदा घेतोय. आणि बॅगही किती नीटनेटकी, कोपरे बघा तिचे. पायात घट्ट धरून बसू नका, इथे कुणी नेत नाही. चांगल्या घरचे दिसता. आमच्या हिच्या हातांना असाच वास यायचा. ही म्हणजे आमची मंडळी. कंपनीचे सगळे केसांचे टोप, दाढ्या, मिश्या तिच्या हातच्या. बारीक जाळी घ्यायची आणि आकड्यासारख्या सुईनं एकेक केस ओवून त्याची गाठ मारायची, बघणाऱ्याचे डोळे फुटतील असं काम. आणि स्वच्छतेचं वेड इतकं की मी बाहेरून आलो की आधी हात धुवायचे, मग नाव सांगायचं. सुट्टीच्या दिवशी ती याच खोलीत, त्या कोपऱ्यातल्या नळाखाली, न्हायला बसायची. केस गुडघ्यापर्यंत. मी बाहेर दाराला पाठ लावून उभा. कुणी आलं की सांगायचं, बाईमाणूस न्हातंय, नंतर या. एकदा खुद्द मालकांना परत पाठवलंय, मालकांच्या हातात पगाराची पाकिटं होती तरी.

असो. कुठे होतो मी? हां, जंतू.

आता जो तो म्हणतो जंतू, जंतू. कुठाय जंतू, मला दाखवा. मालक म्हणतात झुळूक लागली. प्रॉम्प्टर म्हणतो पडद्यातली धूळ, म्हणून पडदे उतरवून काठीनं बडवले, दोन दिवस सगळी कंपनी शिंकत होती. राणीबाई म्हणाल्या कप. तर मी स्वतः, या हातांनी, सगळ्यांचे चहाचे कप उकळले. टॉवेल जाळले. पावडर लावायचे स्पंज फेकून दिले, नवे आणले, ज्याचा त्याला वेगळा, वर चिठ्ठी डकवली. रंगाचे ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून ठेवतो. उशा उन्हात घातल्या. अहो, मी काहीही शिल्लक ठेवलेलं नाही. आणि तरी दर थोड्या दिवसांनी एक नवा गाल. मग तुम्हीच सांगा, जंतू असते तर मेले नसते का? त्याअर्थी हे दुसरंच काहीतरी आहे. नजर असेल. पलीकडच्या कंपनीचं नाटक चालत नाहीये, त्यांचा तो दिग्दर्शक येऊन बसला होता एकदा, त्याची नजर मला आवडली नाही.

काय झालं? बोट का वर केलंत? घसा खाजतोय का? दम धरा. आता नाक.

बरं, एक मोलाची गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी गोंधळ नको. पडदा उघडण्याआधी तुम्ही मंचावर मधोमध उभं राहायचं. सगळी कंपनी रांगेनं येईल, राजापासून कपटे टाकणाऱ्यांपर्यंत, आणि एकेक जण मिशीचा मुका घेईल. मिशीचा हां, तुमचा नव्हे. तुम्ही मधे असता एवढंच. पहिल्या प्रयोगाला राणीबाईंनी सहज गमतीनं घेतला, आणि तो प्रयोग असा रंगला की पुढच्या वेळी सगळ्यांनीच घेतला, आणि आता मुका घेतल्याशिवाय घंटा होत नाही. राणीबाईंचा नवरा पेटी वाजवतो, त्याला सुरुवातीला जड गेलं, मग तोही रांगेत उभा राहायला लागला. आणि मुके झाले की शेवटी तुम्ही मिशीची टोकं पिळायची, थुंकीनं. पाण्यानं नाही, थुंकीनंच. पाण्यानं टोकं उभी राहत नाहीत. पहिल्या सेनापतीनं तसं केलं, दुसऱ्यानं तसंच केलं, तुम्हीही करा. आणि चालू नाटकाची मिशी धुवायची नाही. धुतली की लक गेलं. हे नाटक लागल्यापासून या मिशीला पाणी लागलेलं नाही.

अहो, अहो, बसा. उठताय कुठे? खुर्ची फिरते ती, पडाल. पायाला मुंग्या आल्या असतील. आणि हे काय, माझा गळा का चाचपताय? गुदगुल्या होतात मला. कानाखाली ना? हां, तिथे जरा दुखतंय, ते सोडा, अक्कलदाढ असणार. माझ्या वयात अक्कल उशिराच यायची. हात खाली घ्या, लाडात येऊ नका, अजून अर्धा चेहरा बाकी आहे.

कोण नाही घेत मुका, असंच विचारायचंय ना तुम्हाला डोळ्यांनी? घेतात सगळे. एक सुतार सोडून. तो म्हणतो मला केसांची शिसारी येते, मेलेल्या उंदरासारखी दिसते तुमची मिशी. असं म्हणाला. तोंडावर म्हणाला. मी त्याच्याशी बोलणं टाकलंय. आणि गंमत बघा, देवाचा न्याय बघा, मी सोडलो आणि लहानपणीच होऊन गेलेले मालक सोडले, तर अख्ख्या कंपनीत एवढा एकच माणूस धडधाकट राहिला, तो हा सुतार. कामं करणारे सगळे सुजले आणि हा खिळे मारतोय, शीळ घालतोय. मला तर त्याचाच संशय येतो कधी कधी.

पण आज त्याच्याशिवाय गत नाही. तुम्ही आता आमचेच, म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका. आरोग्य खात्याचा डॉक्टर येणार आहे. आज. त्याचा निरोप आलाय की आणखी एक जरी गाल सुजलेला दिसला तर नाट्यगृहाला कुलूप. आता कुलूप लागलं तर ही कंपनी काही उठत नाही पुन्हा, हे तुम्हाला सांगायला नको. मालकांच्या घरात चार तोंडं आहेत, राणीबाईंचं पोर शाळेत आहे, आणि मी — माझं तर घरच ही खोली आहे. तेव्हा आम्ही ठरवलंय. डॉक्टर आला की मालक त्याला बाहेर खुर्चीवर बसवणार, चहा देणार, चहा पुन्हा देणार. तोपर्यंत सगळे सुजलेले उंटाच्या मागच्या खोलीत. आणि मी सुताराला रंगवणार. आधी राजा करून डॉक्टरसमोर उभा करणार — बघा साहेब, गाल बघा, कसे चपटे. मग आत आणून पुसून खलनायक करणार. मग दूत. राणी करायला जरा वेळ लागेल, दाढी खरबरीत आहे त्याची. पण डॉक्टर तो, त्याला काय कळतंय? तो घसा बघणार, चेहरा थोडाच बघणार. घसे सगळे सारखेच.

आता कसे शांत बसलात. मघापासून चुळबुळ चुळबुळ. असं ऐकावं माणसानं.

वा. आरशात बघा. खरं सांगू? पहिल्या दोघांना नाही शोभली एवढी तुम्हाला शोभते. तुमचा चेहराच रिकामा आहे, रिकाम्या चेहऱ्यावर मिशी खुलते. हात नका लावू. हे नुसते केस नाहीत साहेब. हे तिचे आहेत. मिशी करायला घेतली तेव्हा बाजारातले केस तिला पसंत पडेनात, म्हणाली, निर्जीव आहेत, सेनापतीला असले नकोत — आणि कात्री घेतली आणि वेणीच्या टोकाचे ओंजळभर कापले. मी म्हटलं, अगं, म्हणजे दर प्रयोगाला माझ्या बायकोचे केस परपुरुषाच्या ओठावर? तर म्हणाली, तुम्हीच चिकटवणार ना स्वतःच्या हातानं, मग तक्रार कसली. नाटक लागायच्या आधीच गेली. तिनं ती मिशी मंचावर पाहिलीच नाही. तर रोज प्रयोग संपला की मी ती काढतो, त्या पत्र्याच्या डबीत ठेवतो, आणि ठेवताना जरा — म्हणजे धूळ झटकतो. फुंकर मारतो. फुंकर मारायला तोंड जवळ न्यावं लागतं, एवढंच. मुका वगैरे नाही. मी काय राजा-राणी आहे रांगेत उभं राहायला?

कोण ते? या मालक, उघडंच आहे. बघा कसा झालाय आपला सेनापती. अं? कोण आलंय? बदली सेनापती? तो आता कसा येईल, तो तर इथे खुर्चीत — हे कोण तुमच्या मागे? बॅग घेऊन? बारीक?

मग हे कोण?

काढा कापूस, काढा. सावकाश. हं.

डॉक्टर.

आरोग्य खात्याचे.

मालक, असे खाली बसू नका, जमीन ओली आहे. अहो नवे सेनापती, यांना जरा दाराबाहेर टेकवून बसवा, वारा घाला. आणि सुताराला सांगा, दाढी करू नको, गरज नाही आता.

डॉक्टरसाहेब, मी काय काय बोललो? सगळंच बोललो. उंटाच्या मागची खोलीसुद्धा. तरी मी म्हणतच होतो, नटाचे हात इतके स्वच्छ कसे. बघू द्या, पुसतो तुमचा चेहरा, असे बाहेर गेलात तर लोक मुजरा करतील. काय? आरशात मी? मी काय बघायचंय आरशात? कानाखाली... हां. दुखतंय. काल घास गिळताना पण दुखलं. डावीकडे जास्त आहे. अहो, पण मी ब्रश स्पिरिटमध्ये बुडवले, कप उकळले, स्पंज वेगळे केले. मी सगळं केलं.

मिशी?

नाही हो, मिशी कशी असेल. सगळ्यांचं तोंड लागतं ते खरं. थुंकी लागते ते खरं. सुताराचं तोंड लागत नाही तेही... म्हणजे मी टॉवेल जाळत होतो आणि हा जंतू रोज माझ्याच डबीत झोपत होता? आणि मी त्याला मखमलीचा तुकडा घातलाय खाली, थंडी वाजू नये म्हणून.

कबूल. घेतो मुका. रोज घेतो. फुंकर-बिंकर काही नाही. आता लिहा, काय लिहायचं ते.

किती दिवस बंद? गाल उतरेपर्यंत सगळ्यांनी पडून राहायचं, तोवर प्रयोग नाही. कायमचं कुलूप नाही ना? नाही ना, नक्की? मालक, ऐकलंत का, कायमचं नाही म्हणतायत, डोळे उघडा. बरं. आणि मी घरी जायचं म्हणता — इथेच पडतो मी, घर म्हणजे हेच. आणि मिशीचं? जाळायची असेल तर साहेब, एक सांगतो, रागावू नका, आधी मला बाहेर जाऊ द्या. नाही? मग काय करायचं तिचं?

साबण.

नुसता साबण? राजाला आडवं केलं, खलनायकाचं हसणं बंद पाडलं, दोन सेनापती घोड्यावरून उतरवले त्यानं, आणि तो साबणानं मरतो? चांगला फेस काढून धुवायची आणि उन्हात वाळवायची, बस्स? आणि मुके बंद. हो, मुके बंद. थुंकी बंद. पाण्यानं टोकं उभी राहतील कशीतरी, मी मेण लावीन.

तिला कळलं असतं तर काय म्हणाली असती हो ती मला? ती रोज डोक्यावरून पाणी घेणारी बाई, आणि तिचे केस मी एवढे दिवस असे ठेवले, उष्टे, गोंद लागलेले. लक जाईल म्हणून नाही साहेब. ते कंपनीचं कारण. मला वाटायचं धुतली तर तिचा वास जाईल. आता खरं सांगायचं तर तिचा वास केव्हाच गेला, आता नुसता गोंदाचा येतो, आणि दोन सेनापतींचा. तरी मी हुंगत होतो.

बसा जरा, हलू नका, सोडवतो मी. ओढायची नसते, कडेकडेनं न्यायची. आली. तो नळ चालू करा. आणि ती तुमची वडी द्या बॅगेतली, तिचाच वास येत होता ना मघाशी? द्या. आभारी आहे.

नाही, आता बोलू नका काही. बॅग घ्या. जाताना दार लोटून घ्या, आणि बाहेर कुणी विचारलं तर सांगा, नंतर या म्हणावं, आत बाईमाणूस न्हातंय.